ज्या वर्गावर आपण शिकतो

कोगनोळीच्या हायवेवरच्या थांब्यावर परवा मी निपाणीला जायला बसची वाट बघत उभी होते. शेजारची एक बाई बराच वेळ माझ्याकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "बाई, ओळखलं न्हाई व्हय? आठवीला तुमच्या हाताखाली होते मी."

तिनं नाव सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तिला मी विसरलेच नव्हते.

सीमेलगतच्या एका हायस्कुलात माझं ते पहिलंच वर्ष. बी.एड.ची पदवी नवी कोरी, साडीला इस्त्री कडक, आणि समोर आठवीचा गच्च भरलेला वर्ग. बीजगणितात धन-ऋण चिन्हांची एकच चूक ही मुलगी फळ्यावर तिसऱ्यांदा करत होती. तास संपत आलेला. माझा तोल गेला. मी म्हटलं, "हे जमत नसंल तर घरी बसून विड्या वळ." वर्ग हसला. तिची आई खरोखरच विड्या वळत होती, हे मला ठाऊक नव्हतं. मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवडाभर आली नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतर हजेरीत तिच्या नावापुढं रेघ पडली.

ती माझ्या बोलण्यामुळं गेली की घरच्या गरिबीमुळं, हे मला कधीच कळणार नाही. थांब्यावर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. एवढंच म्हणाली, "माझी पोरगी आता आठवीत गेली बघा. तिला गणिताला नवीन बाई आल्यात. नुकत्याच शिकून आल्यात म्हणं."

बस आली, ती गेली. पण तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. तुम्हीही घरात त्यावर बोलावं म्हणून इथं मांडते. नवीन शिक्षिका कुणाच्या तरी लेकरांवरच शिकणार, हे उघड आहे. मग तिच्या शिकण्याची किंमत कुणी मोजायची? मुलीच्या आयुष्यात आठवीचं वर्ष एकदाच येतं. बाईंना पुढच्या जूनमध्ये दुसरी आठवी मिळते, मुलीला मिळत नाही.

डॉक्टर होणाऱ्या मुलाला परीक्षा पास झाल्यावरही एक वर्ष इस्पितळात मोठ्या डॉक्टरांच्या नजरेखाली काम करावं लागतं. त्याशिवाय त्याला स्वतंत्रपणे सुई टोचू देत नाहीत. शिक्षकाचं काय? बी.एड. आधी एक वर्षाचं होतं. २०१४च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला छात्रसेवाकाल किमान वीस आठवड्यांचा ठरला. ही सुधारणाच आहे, पण वीस आठवडे म्हणजे पुरतं वर्ष नव्हे. जूनमधला बुजरा वर्ग, पावसाळ्यातली गळती, सहामाहीनंतरची मरगळ, दहावीच्या परीक्षेची धास्ती, हे सगळं एका मुलीनं सलग बघितलेलं नसतं. शिवाय त्या आठवड्यांत पाठ टाचण नीट आहे का, शैक्षणिक साधन आणलं का, यावरच सगळ्यांचा जीव. निरीक्षण करणारे दहा मिनिटं मागं बसतात, वहीत सही करतात, पुढच्या वर्गावर जातात.

नोकरी लागली की मग एकटीच. पलीकडं महाराष्ट्रात शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात, आपल्या कर्नाटकात अतिथी शिक्षक म्हणून कितीजणी वर्षानुवर्षं राबतात. कमी पगाराचा काळ आपण बरोबर ठरवून ठेवला. त्या काळात तिच्या शेजारी कोण उभं राहणार, हे मात्र ठरवलं नाही.

आपल्या धर्मात हिंसेची व्याख्या फार बारीक केली आहे. तिथं जीव मेला की वाचला एवढंच बघत नाहीत. मन बेसावध होतं का, प्रमाद होता का, हे आधी विचारतात. म्हणून मुनींना चालण्याची समिती आहे, तशी बोलण्याचीही आहे, भाषासमिती. त्या दिवशी मी छडी उगारली नव्हती. पण माझ्या बोलण्यात प्रमाद होता, आणि त्याचं कर्म माझंच. हे मी टाळत नाही.

तरी विचार पुढं न्यायला हवा. नवदीक्षित मुनीला आपला संघ एकल विहार करू देत नाही. वैराग्य कितीही खरं असो, त्यानं आचार्यांच्या सोबत राहायचं, कसं चालायचं, कसं बोलायचं ते बघायचं, रोज चुकलं ते गुरूपुढं सांगायचं. त्यालाच आपण आलोचना म्हणतो. भोजचे सातगौडा पाटील पुढं आचार्य शांतिसागर झाले. तेसुद्धा आधी क्षुल्लक, मग ऐलक, मग मुनी असे पायरीपायरीनं गेले. ज्यानं घरदार सोडलं त्याच्यावरही एकदम सगळं टाकायचं नाही एवढी सावधगिरी जिथं आहे, त्या समाजानं बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला पन्नास लेकरांच्या वर्गात एकटं सोडावं आणि दार ओढून घ्यावं? तो प्रमाद मग एकटीचा राहत नाही. दार ओढणाऱ्या सगळ्यांचा होतो.

दार उघडं ठेवण्याची एक रीत आता जगात रुजते आहे. अमेरिकेत बॉस्टन शहरात २००३ पासून होणारे शिक्षक अख्खं शैक्षणिक वर्ष एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काढतात. आठवड्यातले चार दिवस वर्गात, एक दिवस स्वतःच्या अभ्यासाला. सुरुवातीला बघायचं, मग एखादा गट सांभाळायचा, मग एखादा तास घ्यायचा, आणि वर्षाअखेरीस बराचसा वर्ग पेलायचा. त्या वर्षात पोटापुरतं विद्यावेतन मिळतं, आणि पुढं तीन वर्षं त्याच शहराच्या शाळांत शिकवण्याचा शब्द द्यावा लागतो.

मला अशी सोबत मिळाली ती चुकून, आणि एक वर्ष उशिरा. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात शिक्षकांची खोली गळायला लागली, म्हणून एक ज्येष्ठ बाई माझ्या वर्गात मागच्या बाकावर वह्या तपासत बसायच्या. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. आठ दिवस काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "तू फळ्याला शिकवतीस गं. पोरांच्याकडं बघत न्हाईस. ती तिसऱ्या बाकावरची, तिला फळा दिसत न्हाई. शेजारणीच्या वहीतनं उतरवतीया." मला ती मुलगी आळशी वाटत होती! पुढं एकदा म्हणाल्या, "तंबाखूचं काम सुरू झालं की ह्या चार पोरी सोमवारी येणार न्हाईत. आया वखारीत जातात, धाकटी भावंडं ह्यांच्या अंगावर. सोमवारी नवीन धडा काढू नकोस." हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

मी त्यांच्या वर्गात जाऊन बसले, तेव्हा त्यांचं एक गणित भर वर्गात चुकलं. त्यांनी सरळ सांगितलं, "माझं चुकलं, पुसते." चूक झाल्यावर मुलांसमोर कसं उभं राहायचं, हे मी त्या दिवशी शिकले. वर्षभर आधी बघितलं असतं तर? थांब्यावर उभी असताना हाच विचार मनात आला.

आपल्या मातीत हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजात, कुंभोजला जन्मले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. नुसत्या शाळा काढून भागणार नाही, गुरुजी घडवायला हवेत, हे ओळखून १९३५ साली साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज उभं केलं. पण त्याच्याही आधी वसतिगृहं होती. तिथं जातीपातीची मुलं एका पंगतीला बसत, एकत्र राबत. त्यातलीच कितीतरी पुढं रयतेच्या शाळांत गुरुजी झाली. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून दागिने, शेवटी मंगळसूत्रही देणाऱ्या लक्ष्मीबाई त्यांनी जवळून बघितल्या होत्या. शिक्षकानं कसं असावं, हे त्यांना त्या घरातच कळलं असणार.

आता तुम्ही म्हणाल, हे सासूच्या हाताखाली सून देण्यासारखंच झालं की! शंका खरी आहे. शिकवायच्या नावाखाली वर्षभर राबवून घेणाऱ्या सासवा आपण बघितल्या आहेत. अनुभवी शिक्षिका नव्या मुलीकडून नुसत्या वह्या तपासून घेईल, हजेरी भरून घेईल. आपली छडी, आपले कडू शब्द, 'खालच्या गल्लीतली पोरं' म्हणायची सवय, तेही तिच्या गळ्यात घालील. म्हणून ज्येष्ठ म्हणजे गुरू असं समजू नये. जिला स्वतःचा वर्ग दुसऱ्यासाठी उघडा ठेवता येतो आणि "माझं चुकलं" म्हणता येतं, तिलाच हे काम द्यावं. त्या कामासाठी तिचे तास कमी करावेत, चार पैसे जास्त द्यावेत.

आणि नव्या मुलीच्या पोटाचं काय? वर्षभर विनापगार शिकणं ज्यांच्या घरी शेतीवाडी आहे त्यांनाच परवडतं. विडी वळणारीची मुलगी शिक्षिका व्हायला निघाली तर ती याच वर्षात अडेल. विद्यावेतनाशिवाय ही रीत आणली, तर एका मुलीला वाचवताना दुसरीला दाराबाहेर ठेवल्यासारखं होईल. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी असं म्हटलं आहे. वर्षं वाढतील. ती कुणाच्या सोबतीनं आणि कुणाच्या खर्चानं काढायची, हे आपण विचारत राहायला हवं.

सरकारचं सरकार बघेल. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. थांब्यावर भेटलेल्या बाईच्या मुलीची शाळा माझ्या घरापासून लांब नाही. परवानगी मिळाली तर आठवड्यातून दोन दिवस त्या नवीन बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसेन. पहिले आठ दिवस काही बोलणार नाही. नवव्या दिवशी आधी माझी ती विड्यांची गोष्ट सांगेन, मग त्यांना हवं असेल तरच पुढचं बोलेन.