वृंदावनाचे रक्षण कशाने होते?

भाविक सज्जनहो,

गेल्या चातुर्मासात आमचा मुक्काम एका शहरी होता. तेथील जुन्या पेठेत विठ्ठलमंदिर आहे. मंदिरापुढे पार, पारावर पिंपळ, आणि पाराच्या पूर्वेस दगडी तुळशीवृंदावन. एकादशीच्या कीर्तनाला माणसे पारावरच बसतात. एके दिवशी पहाटे काकड्याला मंडळी जमली तो पिंपळाच्या बुंध्यावर नोटीस चिकटवलेली. रस्ता रुंद व्हायचा आहे. सबब पिंपळ हा अडथळा आणि वृंदावन हे अतिक्रमण!

अहो, ज्या तुळशीवाचून पांडुरंगाची पूजा पुरी होत नाही, तिला अतिक्रमण म्हणतात हे वाचून कोणाला बरे वाटेल? तरुण मंडळी खवळली. "महाराज, आता टाळ खाली ठेवा. उद्या कचेरीवर जाऊ, काचा फोडू." आम्ही म्हटले, "बाबांनो, टाळ खाली ठेवून तुळस वाचवायची असेल तर वाचवून उपयोग काय? आधी विचार करू."

पहिला विचार असा की, वारकऱ्याला तुळस म्हणजे काय? गळ्यात तुळशीची माळ पडते तेव्हा मनुष्य नियमाला बांधला जातो. एकादशी करीन, मद्यमांसाला शिवणार नाही, पंढरीची वारी चुकवणार नाही, हे वचन त्या 108 मण्यांत ओवलेले असते. वारीत आयाबाया डोईवर वृंदावन घेऊन आळंदीहून, देहूहून शेकडो किलोमीटर चालतात. घरात अन्नाचा कण नसेल, पण दारी डब्यात का होईना, तुळस असते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्तीने दिलेले पान, फूल, फळ, पाणी गोड मानून घेतले आहे. धनाचा तेथे उल्लेखही नाही. तेव्हा तुळस हा आमच्या उपासनेचा प्राण आहे, शोभेची कुंडी नव्हे, हे साहेबांना सांगण्याचा आम्हांला पूर्ण अधिकार आहे.

आणि हा अधिकार नुसता पोथीतला नाही बरे का! आपल्या राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने प्रत्येकास धर्म मानण्याचे, आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. 1954 साली उडुपीकडील शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, धर्म म्हणजे केवळ मत नव्हे, त्यातले विधी, पूजा, आचार हेही धर्मच. आणि त्यांतले आवश्यक कोणते ते त्या धर्माच्या शिकवणीवरून पाहावे. झाडांचेही असेच. नागरी भागांतील झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. म्हणजे बुंध्यावरची ती नोटीस हे भांडणाचे निमंत्रण नव्हते, बोलण्याचे होते. आपण रागात अर्धीच वाचली.

परंतु तीच घटना पुढे असेही म्हणते की, हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. सार्वजनिक रस्त्यांवर व उद्यानांत कोणत्याही धर्माच्या नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा आदेश आहे. तो सर्वांना सारखा. येथे आमच्या बोलण्याला अडखळा आला. का? ते सांगतो.

पाराच्या मागे पत्र्याची एक शेड होती. काही वर्षांपूर्वी मंदिराच्या मंडळींनीच उभारलेली. प्रथम उत्सवाचे सामान ठेवण्यास. पुढे तिचे दोन गाळे झाले, भाड्याने गेले, भाडे दानपेटीत पडू लागले. सभेत एकजण म्हणाला, "महाराज, वृंदावनाबरोबर शेडचीही हरकत घालू. धर्माच्या नावाने सगळेच वाचेल." कोणी काही बोलेना. तेव्हा तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या एक वृद्ध माई कोपऱ्यातून म्हणाल्या, "महाराज, त्या शेडला कोणी कधी पाणी घातलंय का?"

सज्जनहो, चाळीस वर्षे आम्ही कीर्तन करतो, पण असे निरूपण आम्हांला साधले नाही.

त्या रात्री आम्ही श्रीकृष्णतुलेचे आख्यान लावले. सत्यभामेने तराजूत सोने घातले, रत्ने घातली, अंगावरचे दागिने घातले. देवाचे पारडे हलेना. रुक्मिणीमातेने तुळशीचे एक पान ठेवले आणि पारडे सम झाले. पान का भरले? सोन्याच्या प्रत्येक तुकड्याला 'माझे' चिकटलेले होते. पानाला काहीच चिकटलेले नव्हते. आता आपण कचेरीत जाताना पारड्यात काय घालणार? 'आमची जागा, आमचे गाळे, आमचे भाडे' घालाल तर साहेबाकडेही फीत आहे, नकाशा आहे. मोजमापाच्या लढाईत तो भारी पडेल. नुसते पान घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी मंडळींनी आपल्या हातांनी शेड उतरवली. भाडेकऱ्यांना मुदत व अनामत परत दिली. मग सिटी सर्व्हेचा जुना नकाशा काढला. त्यात पार आणि वृंदावन दोन्ही दाखवलेली होती. लेखी हरकत दिली. सुनावणीला वीस माणसे गेली. घोषणा नाही, आरडाओरड नाही. एक तरुण इंजिनिअर जागा पाहायला आला. मोकळी जागा पाहून म्हणाला, "महाराज, शेड तुम्हीच काढलीत?" आम्ही म्हटले, "साहेब, ती आमची होती म्हणून काढली. तुळस आमची नाही, देवाची आहे. ती कशी काढू?"

सगळे मिळाले असे नव्हे. पिंपळ राहिला, रस्ता त्याला वळसा घालून गेला. पण पाराची एक बाजू गेली आणि वृंदावन चार हात आत घ्यावे लागले. दगड तेच, माती तीच. हलवताना माईंनी पदराने डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या जागी पाणी घातले.

आता दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. नाशिकच्या तपोवनात 2025 च्या नोव्हेंबरात सुमारे 1,800 झाडे तोडण्याचा प्रस्ताव महानगरपालिकेने आणला. कारण काय? 2027 च्या कुंभमेळ्यासाठी साधुग्राम वसवायचे! तपोवनाच्या जवळच पंचवटी. नाव पाच वडांचे. येथे झाड धर्माच्या आड आले म्हणून तोडायचे होते, आणि सामान्य लोक हरकती घेऊन उभे राहिले. मग वृक्षाचा कैवारी कोण? दरवेळी आम्हीच असे छातीवर हात ठेवून म्हणता येते का? वारीत आपल्या मुक्कामामागे किती फांद्या मोडलेल्या, किती पत्रावळी विखुरलेल्या राहतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

तात्पर्य, सरकार चुकेल तेथे जरूर सांगावे, न भिता सांगावे, कायद्याने लढावे. उपासनेवर घाला येताना गप्प बसणे ही काही नम्रता नव्हे. पण लढणाऱ्याच्या पारड्यात एक पानच असावे. ज्या झाडाला आपण पाणी घातले, त्याच्याच वतीने आपल्याला बोलता येते.

या कार्तिकी द्वादशीस तुळशीचे लग्न लावाल, तेव्हा दाराबाहेरच्या रस्त्यावरील एका तरी रोपाला वर्षभर पाणी घालण्याचा नेम धरा. एवढी विनवणी करून ही वाक्सेवा श्रीपांडुरंगाच्या चरणी रुजू करतो.

रामकृष्णहरि!