सुकतीची वेळ

पाहुणा किनाऱ्यावर येतो तो शनिवार-रविवार बघून. समुद्र येतो तो तिथी बघून. दोघांची गाठ पडेलच असं नाही.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. कोळीवाड्यात हा हिशेब बोटांवर होतो. कोकणात उतरल्यावर खोलीचं भाडं विचारण्याआधी सुकती, म्हणजे ओहोटी, कधी आहे ते विचारावं, कारण किनारा उघडतो तो सुकतीलाच.

पाणी मागे हटलं की ओल्या वाळूत नखाएवढा खेकडा बिळातून वर येतो. वाळूची चिमूट तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं अन्न तेवढं खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून टाकून देतो. मग दुसरी. मग तिसरी. बघता बघता बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी रांगोळीसारख्या पसरतात. उभ्या माणसाला हे दिसत नाही. बसावं लागतं, आणि बसल्यावर आपली सावलीही हलू द्यायची नसते. पुढची भरती सगळं पुसून नेते. खेकडा पुढच्या सुकतीला पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरू करतो.

जी वाळू आपल्याला मोकळी वाटते, तिथे पाय ठेवायला जागा नसते.

म्हणूनच वाळूवर गाडी घालणाऱ्याचा मला राग येतो. मर्यादवेल उपटून समुद्र 'नीट दिसेल' अशी सोय करणाऱ्याचाही. जांभळ्या फुलांची ती वेल वाळू धरून ठेवते. ती गेली की वाळू जाते, आणि मग किनारा वाचवायला दगडांची भिंत घालावी लागते. भिंतीवर कासव चढत नाही.

कासव म्हटलं की वेळास. मंडणगड तालुक्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी उकरून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने. वाळू गार असेल तर नर अधिक, तापलेली असेल तर माद्या. पिढीचा तोल असा वाळूच्या उबेवर ठरतो.

राखलेल्या घरट्यावर टोपली झाकलेली असते; पिल्लं आली का ते बघायला सकाळ-संध्याकाळ ती उचलतात. कधी पिल्लं असतात, कधी नुसती वाळू. इतक्या लांबून येऊन वाळू बघावी लागली की लोक हिरमुसतात. मला ती सकाळही भरलेली वाटते. निसर्गाकडे जाणं म्हणजे त्याच्या दारात थांबणं. दार उघडलंच पाहिजे असा हक्क तिथे चालत नाही. काही वेळा रिकाम्या हातानं परतलेला माणूसच पुन्हा येतो, आणि या वेळी तो टॉर्च न लावता येतो.

खाण्याचंही तसंच. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पावसाळा माशांच्या विणीचा, समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले सोडे घराघरांत असतात. त्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी मागावी, पोटभर मिळते.