असामान्य आवाज आल्यास

कंपनीत पॉडकास्ट सुरू करायचं ठरलं की पहिला भाग कोणाचा असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. एमडी साहेब बोलतात. मागे हलकं संगीत, पुढे तिमाहीचे आकडे, आणि ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे असतंच. दुसऱ्या भागात एचआरच्या मॅडम रजेचे नवे नियम वाचून दाखवतात. तिसऱ्या भागापर्यंत श्रोते उरतात ते बहुधा तो तयार करणारेच. मग आपल्या लोकांना ऐकायची सवयच नाही, असा निष्कर्ष निघतो आणि विषय मिटतो. मला हा निष्कर्ष पटत नाही. जे कागदावर सुखानं राहिलं असतं ते उगाच कानात ओतलं, तर लोक कान काढून घेणारच.

रजेचा नियम लागतो तेव्हा तो सापडला पाहिजे, पुन्हा बघता आला पाहिजे, वेळ पडली तर त्यावर बोट ठेवून साहेबांशी भांडता आलं पाहिजे. ध्वनिमुद्रणावर बोट ठेवता येत नाही. बोल्ट किती आवळायचा, फॉर्म कुठल्या क्रमानं भरायचा, मुदत कधी संपते, हे सारं कागदाचं किंवा पडद्याचं. मग आवाजाच्या वाट्याला उरतं काय?

झेरॉक्स कंपनीत यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या वाटेनं सुटला. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ या तंत्रज्ञांबरोबर हिंडला. १९९६ साली त्याचं ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक आलं. कंपनीनं तंत्रज्ञांच्या हाती जाडजूड मॅन्युअल दिलेलं होतं: यंत्रानं अमुक कोड दाखवला तर तमुक तपासा, तो भाग बदला. प्रत्यक्षात यंत्रं मॅन्युअल वाचून बिघडत नसत. कोड एक सांगे, बिघाड भलताच निघे. मग ही माणसं नाश्त्याला, जेवायला एकत्र बसली की बोलत. ‘त्या बँकेतल्या मशीननं काय छळलं माहितीये?’ अशा धाटणीचं हे बोलणं. लांबून पाहणाऱ्याला त्या गप्पा वाटत. ऑरनं दाखवून दिलं की धंद्याचं खरं शिक्षण तिथंच चालू होतं. पुढे कोलोरॅडोत या तंत्रज्ञांना दोन्ही बाजूंनी बोलता येणारे रेडिओ दिले गेले. नवशिके त्यावर जुन्यांची बोलणी ऐकत ऐकत तयार होऊ लागले. उणीव एकच होती: बोललेलं हवेत विरून जाई. त्या क्षणी जो ऐकत नव्हता, त्याच्यासाठी ते गेलंच.

पॉडकास्ट म्हणजे ते विरणारं बोलणं धरून ठेवायची सोय. पण धरून ठेवायचं नेमकं काय, हे जरा सावकाश पाहू.

मॅन्युअल शेवटचा बरोबर रस्ता तेवढा ठेवतं आणि चुकलेले रस्ते पुसून टाकतं. गोष्टीत ते चुकलेले रस्तेच महत्त्वाचे. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात उभी हयात मेन्टेनन्सला काढलेला फोरमन हायड्रॉलिक प्रेसबद्दल सांगतोय. ‘पंप ओरडायला लागला. मी म्हटलं, हवा घेतोय. टाकीचं झाकण उघडून बघितलं तर तेलावर फेस नाही, तेल दुधाळ नाही. हवा घेत असता तर फेस आला असता की! म्हणजे हवा नाही, पंपाला तेलच पुरत नाहीये. डिसेंबरातली पहिली पाळी, तेल गारठून घट्ट झालेलं. वाटलं, तापलं की गप्प बसेल. तासाभरानं तेल तापलं तरी आवाज तोच. तेव्हा सक्शनचा स्ट्रेनर काढला. गच्च चोक.’ यातली माहिती दोन ओळींत लिहून होईल. पण एक शंका घ्यायची, ती खोडायला काय बघायचं ते ठरवायचं, ती खोडली गेली की दुसरी घ्यायची, हा क्रम दोन ओळींत येत नाही. तो बोलण्याच्या चालीतून येतो. फोरमन कुठे थांबला, कुठे स्वतःवरच हसला, यातून नव्या पोराला कळतं की आपल्याही मनात आधी चुकीची शंका येणार आणि त्यात काही वावगं नाही.

शिवाय याच प्रेसच्या पुस्तकात एक वाक्य हमखास असतं: ‘असामान्य आवाज आल्यास पंप त्वरित बंद करावा.’ बरं. पण असामान्य म्हणजे कसा? तेल कमी पडलं की पंपाच्या आत बुडबुडे तयार होतात आणि दाबाखाली फुटतात. आतून खडी फिरतेय असं वाटतं. हे मी कितीही लिहिलं तरी ज्यानं ऐकलं नाही त्याला कळायचं नाही. मोबाइलवर चांगल्या पंपाचे वीस सेकंद आणि उपाशी पंपाचे वीस सेकंद पाठोपाठ ऐकवले की काम झालं. कॉल सेंटरमधलं चिडलेलं गिऱ्हाईक आणि रडवेलं गिऱ्हाईक यांच्यातला फरकसुद्धा असाच ऐकवावा लागतो.

उपकरणांचा प्रश्न तर केव्हाच मागे पडला. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीनं आपल्या सुमारे ८,५०० कर्मचाऱ्यांना आयपॉड वाटले होते. कंपनीचे पॉडकास्ट त्यावर ऐकावेत हाही त्यामागचा एक हेतू होता. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि कंपनीच्या बसमध्ये तास दीड तास मोकळा आहे. (शॉप फ्लोअरवर मात्र कानात इअरफोन नकोच. तिथं फोर्कलिफ्टचा भोंगा आधी ऐकू यायला हवा.)

अडतं ते ऐकून झाल्यानंतर. त्याचा धडा आपल्याकडेच घेतला गेलाय. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं शेतकऱ्यांसाठी मराठीत कार्यक्रम केले. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं होती. आठवड्यातून दोनदा वीसेक माणसं एकत्र बसत, अर्धा तास ऐकत आणि रेडिओ बंद झाला की त्यावर वाद घालत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमात येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. जिथं मंडळ होतं तिथल्या लोकांच्या माहितीत ठळक भर पडलेली दिसली; जिथं रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथं फरक नगण्य होता. फरक पाडला तो ऐकल्यानंतरच्या वादानं.

कंपन्या नेमकं हेच विसरतात. पॉडकास्ट टाकला की काम संपलं असं मानून, किती जणांनी प्ले केलं याचा तक्ता वरच्या साहेबांना पाठवतात. त्या तक्त्यावरून बोटानं बटण दाबलं एवढंच कळतं. पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सुपरवायझर पोरांना गोळा करतोच. त्यातली पाच मिनिटं कालच्या भागाला द्यावीत. ‘फोरमननं फेस बघितला, तुम्ही आधी काय बघितलं असतं?’ एवढा प्रश्न पुरतो. कोणीतरी म्हणेल, मी आधी तेलाची पातळी बघितली असती. ते फोरमनपर्यंत गेलं पाहिजे.

एक अडचण उरते, आणि ती मला सगळ्यांत अवघड वाटते. खरी गोष्ट म्हणजे कोणाची तरी चूक. भाग प्रसारित होण्याआधी तो कायदा विभाग ऐकतो, मग जनसंपर्कवाले ऐकतात, आणि प्रत्येक जण एकेक चुकलेला रस्ता कापतो. फोरमनच्या ‘मला वाटलं हवा घेतोय’च्या जागी ‘समस्येचं निदान करण्यात आलं’ येतं, म्हणजे परत मॅन्युअलच. शिवाय फोरमनलाही धास्ती असते की आपलं बोलणं पुढेमागे आपल्याच फाइलला लागेल. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या आधीच त्याला लेखी सांगावं लागतं की इथं सांगितलेली चूक वार्षिक मूल्यांकनात येणार नाही. आणि ही हमी फक्त एमडी साहेबच देऊ शकतात, तेव्हा पहिल्या भागात त्यांनी बोलायचंच असेल तर तिमाहीचे आकडे बाजूला ठेवून स्वतःचा फसलेला एखादा निर्णय सांगावा.