घरचे पाहुणे व परमुलखातील सेवा

मननासाठी शास्त्रभाग : निर्गम, अध्याय १८.

कल्याणाहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कुटुंबांस परदेशगमन आता नवलाचे राहिलेले नाही. कोणी चाकरीसाठी जातो, तर कोणी तरुण तेथील एखाद्या मंडळीत विनावेतन सेवा करावयास जातो. मग आईबाप त्यास भेटावयास निघतात, आणि सेवा सांभाळावी की पाहुणचार करावा, असा पेच त्याजपुढे उभा राहतो.

मोशे रानात इस्राएल लोकांची सेवा करीत असता त्याचा सासरा इथ्रो हा सिप्पोरा व दोघे मुलगे ह्यांस घेऊन त्याजकडे आला. मोशे डेऱ्यात बसून राहिला नाही. तो सामोरा गेला, त्याने नमन केले, क्षेमकुशल विचारले, आणि परमेश्वराने केलेली सुटका व वाटेत भोगलेले कष्ट ही दोन्ही सांगितली. घरी खुशाली कळविताना पुष्कळजण ह्यांतील कष्ट तेवढे गाळतात. पुढे अहरोन व वडीलजन येऊन इथ्रोबरोबर जेवले. म्हणजे एकाचा पाहुणा सर्व मंडळीचा पाहुणा झाला.

दुसरे दिवशी पाहुण्यांसाठी मोशेने काम बंद ठेविले नाही. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करावयास बसला, आणि इथ्रोने ते पाहिले. पाहिले म्हणूनच, अशाने तू झिजून जाशील, असे तो सांगू शकला. आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमावे, ही मसलत त्याने दिली. मोशेने आपले काम सासऱ्यापासून झाकून ठेविले असते, तर सर्व ओझे त्याच्याच खांद्यावर राहिले असते.

कल्याणात बालपण गेलेल्या आनंदीबाई जोशी मंडळीच्या सेवेस नव्हे, तर विद्येसाठी परदेशी गेल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियास त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई इंग्लंडाहून त्या समारंभास आल्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झालेला होता व आनंदीबाई हिंदू होत्या. तरी धर्मभेदामुळे ती भेट टळली नाही. रमाबाईंनी त्या देशात राहून तेथील शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला व १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. पाहुणी म्हणून गेलेली बाई कामगिरी घेऊन परतली.

तरुण सेवकहो, आईबापांस तेथील प्रेक्षणीय स्थळे अवश्य दाखवा. पण ज्या स्वयंपाकघरात तुम्ही भुकेल्यांची ताटे घासता, तेही दाखवा. तुमची खोली व तुमचे अन्न तेथील मंडळीच्या दानातून येते. म्हणून पाहुणे येण्यापूर्वी पाळकांस विचारा, व त्यांचा खर्च त्या दानावर पडू देऊ नका. आईबापहो, मुलगा भांडी घासतो म्हणून खट्टू होऊ नका. शेजारी उभे राहून चार ताटे पुसा. तो थकलेला दिसल्यास प्रेमाने सांगा, परंतु त्यास परत नेण्याचा हट्ट धरू नका. इथ्रो मसलत देऊन आपल्या देशी गेला. मोशे सेवेत राहिला.

आणखी एक गोष्ट. ज्यांस घरचे कोणी भेटावयास येत नाही, असेही पुष्कळजण परदेशी असतात. उल्हासनगरास हे दुःख ठाऊक आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांस कल्याणजवळील लष्करी छावणीत आसरा मिळाला, व १९४९ साली त्या वस्तीस हे नाव पडले. ज्यांचे गावच मागे राहिले, त्यांजकडे गावाहून पाहुणा कोण येणार? म्हणून आईने आणिलेला लाडू खोलीत झाकून न ठेविता अशांच्या हातावरही ठेवावा.

जो प्रभू परक्यांस आपल्या घरचे करितो, तो आमच्या मुलांच्या सेवेस व त्यांजकडे जाणाऱ्या आईबापांच्या वाटेस आशीर्वाद देवो. आमेन.