उद्योगपर्व चिंतन : विदुराने सांगितलं, मग पुढे?

आजचं वाचन : उद्योगपर्व, अध्याय ४०



गेले काही दिवस आपण विदुरनीती वाचतो आहोत, आज तिचा शेवट. प्रसंग पुन्हा एकदा आठवू या. संजय पांडवांना भेटून परत आलाय. निरोप काय आणला ते उद्या सभेत सांगेन म्हणून तो निघून गेला आणि इकडे धृतराष्ट्राला झोप लागेना. मग विदुराला बोलावणं. विदुर रात्रभर बोलला. कधी गोष्टी सांगून, कधी नीती सांगून, कधी अगदी तोंडावर, की पांडवांचा वाटा देऊन टाक, नाहीतर कुळाचा नाश ठरलेला आहे. आणि आजच्या अध्यायाच्या शेवटी राजा काय म्हणतो? तू सांगतोस ते पटतं, माझं मनही तिकडेच झुकतं, पण दुर्योधन समोर आला की ते पुन्हा फिरतं. दैवापुढे माणसाचं काय चालणार!

कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच.

काल एका वाचक ताईंनी फोनवर विचारलं, "मग विदुराचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच की हो. पण त्याने त्याचं कर्तव्य केलं. फळाची चिंता त्याने का करावी?" उत्तर सोपं वाटतं. गीता आपल्या सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे ते पटकन जिभेवर येतं. पण मला ते इतक्या सहज सोडावंसं वाटत नाही. ज्याला संकट इतरांच्या आधी दिसतं, त्याचं कर्तव्य 'सांगितलं' या शब्दापाशी संपतं का?

हा प्रश्न ज्यांच्या रोजच्या नोकरीचा आहे अशी माणसं आज आहेत. आम्ही नैरोबीत होतो तेव्हा शेजारी एक केनियन गृहस्थ राहायचे. त्यांनी काही वर्षं एका प्रादेशिक संघटनेत विश्लेषक म्हणून काम केलं होतं. काम काय, तर भांडण पेटायच्या आधी ते ओळखायचं आणि वर कळवायचं. "हवामान खात्यासारखंच आहे," ते म्हणायचे, "फक्त आमच्या अंदाजावर ढग रागावतात." त्यांची कचेरी कोणती ते इथे लिहीत नाही. पण अशा कामाचं सगळ्यांना माहीत असलेलं एक उदाहरण सांगते.

पूर्व आफ्रिकेतल्या देशांची 'इगाड' नावाची संघटना आहे. १९८६ साली ती दुष्काळाशी लढण्यासाठी स्थापन झाली. २००२ साली खार्टूमला करार होऊन तिच्यात 'सीवॉर्न' ही पूर्वसूचना देणारी यंत्रणा आली. तिची कचेरी अदिस अबाबाला. सुरुवात केली गुरं पळवण्यावरून होणाऱ्या लढायांपासून. केनिया, युगांडा, इथिओपिया आणि आताचा दक्षिण सुदान यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे तुर्काना, पोकोट, करामोजोंग, टोपोसा अशा पशुपालक जमाती राहतात. एकमेकांची गुरं पळवणं तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण भाल्याच्या जागी रायफल आली आणि एकेका धाडीत माणसं ढिगाने मरू लागली.

तर तिथे गावोगाव निरीक्षक नेमले. त्यांनी ठरावीक प्रश्नांचा तक्ता नेमाने भरून पाठवायचा. ते प्रश्न मला फार विलक्षण वाटतात. बाजार नेहमीसारखा भरला का? गुरांचे भाव पडले का? मुलं शाळा सोडून चाललीत का? बायकामुलांना मागे ठेवून नुसते पुरुषच गुरं घेऊन निघालेत का? शांततेसाठी कुणी बैठक घेतली का? आणि एक प्रश्न असा, की धाडीवर निघण्याआधीचा आशीर्वाद दिला गेला का? हो, आशीर्वादसुद्धा नोंदवायचा. (युद्धाच्या अठरा दिवसांत दुर्योधन गांधारीकडे विजयाचा आशीर्वाद मागत राहिला आणि त्या माउलीने तो तसा दिला नाही, हे स्त्रीपर्वात येतं. हस्तिनापुरात कुणी असा तक्ता भरत असता तर त्या रकान्यात 'नाही' लिहिलं असतं. तरी युद्ध झालंच. म्हणजे एका खुणेवर विसंबून चालत नाही.)

या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा एक गोष्ट उलटीच निघाली. आपल्याला वाटेल की दुष्काळ पडला की धाडी वाढत असतील. पण धाडींचा संबंध दिसला तो हिरवळ वाढण्याशी. झाडोरा दाट असला की धाडीवर जाणाऱ्यांना लपायला आडोसा मिळतो. म्हणजे ज्या पावसासाठी सगळे देवाला हात जोडतात, त्याच पावसानंतर डोळ्यांत तेल घालून बसायचं! हे कुणाच्या अंदाजाने कळलं नसतं. त्यासाठी कुणीतरी नेमाने तो तक्ता भरावा लागतो.

पण विदुराच्या प्रश्नाकडे परत येऊ. माहिती कमी पडली म्हणून युद्ध झालं का? धृतराष्ट्राला काय माहीत नव्हतं? रवांडाचं उदाहरण घ्या. ११ जानेवारी १९९४ला तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तार केली की शस्त्रं लपवून ठेवली आहेत, कत्तलीची तयारी चालली आहे, मी छापा घालतो. छापा घालू नका असं उत्तर आलं. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं गेली. सांगणारा होता, वेळेवर सांगितलं होतं, नेमकं सांगितलं होतं. त्यानंतर आफ्रिकन युनियनने आपल्या नियमांतच पूर्वसूचनेची व्यवस्था घातली, चोवीस तास बातम्यांवर नजर ठेवणारी खोली उभी केली. चांगलंच केलं. पण नुसती नजर ठेवणं हे संजयाचं काम. संजयाला दिव्यदृष्टी होती, कोण पडलं, कोण उरलं, सगळं त्याने सांगितलं, पण तेव्हा ऐकणाऱ्याच्या हातात काही उरलं नव्हतं. विदुर बोलला तेव्हा अजून वेळ होती. दोघांत फरक आहे तो एवढाच.

आणखी एक अडचण उद्याच्या वाचनात येणार आहे, ती आजच सांगते. धृतराष्ट्र म्हणतो, अजून काही सांगायचं असेल तर सांग. तेव्हा विदुर म्हणतो, माझा जन्म शूद्र स्त्रीच्या पोटी झाला, याच्या पुढचं मी बोलू शकत नाही, आणि तो सनत्सुजातांना बोलावतो. ही ओळ वाचताना मला दर वेळी त्रास होतो. ज्याला सगळ्यात जास्त दिसतं, त्याच्या बोलण्याला हद्द! सीवॉर्नलाही सुरुवातीला अशीच हद्द होती, बघायचं ते पशुपालकांच्या भांडणांकडे. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर केनिया पेटला, हजारावर माणसं मेली, लाखो बेघर झाली, तेव्हा राजधानीतलं राजकारण त्या तक्त्यात नव्हतंच. सरकारांनी दूरच्या माळरानावर बघायला परवानगी दिली होती, आपल्या दिवाणखान्यात नाही. (ही हद्द नंतर वाढवली गेली.) शिवाय असं काम करणारा माणूस ज्यांच्याबद्दल लिहितो, त्यांच्याच पैशांतून त्याचा पगार निघतो. विदुरही हस्तिनापुरातच राहत होता, आणि खरं बोलल्याबद्दल एकदा धृतराष्ट्राने त्याला 'हवं तिकडे जा' म्हणून घालवलं होतं. तो पांडवांकडे वनात गेला, मग राजाने माणूस पाठवून परत बोलावला आणि विदुर आलासुद्धा. तो परत का आला? मला वाटतं, बाहेर राहून स्वच्छ राहता आलं असतं, पण त्या कानापर्यंत पोचणारा दुसरा कुणी नव्हता.

शेजाऱ्यांना मी एकदा विचारलं, सगळ्यात कठीण काय असतं? ते म्हणाले, आवाज किती मोठा करायचा ते ठरवणं. 'लांडगा आला रे आला' दोनदा फुकट ओरडलं की तिसऱ्यांदा कुणी येत नाही. आणि खरोखर कुणी ऐकून धाड थांबवली, तर काहीच घडत नाही. मग वरचे विचारतात, तुम्ही म्हणालात तसं कुठे झालं? म्हणून काही जण मोघम लिहायला शिकतात. परिस्थितीवर लक्ष ठेवावं लागेल, वगैरे. असं लिहिलं की पुढे काहीही झालं तरी 'मी लिहिलं होतं' म्हणता येतं.

इथे मला कर्तव्य आणि हात झटकणं यातली रेघ दिसते. फळाची आशा नको म्हणजे मला श्रेय मिळो न मिळो. धाड थांबो न थांबो, मला काय त्याचं, असा त्याचा अर्थ कसा होईल? ज्याला त्या गावाचं काही वाटत नाही, त्याने तक्ता भरला काय आणि नाही भरला काय.

आणि विदुराने हे करून दाखवलं आहे. आदिपर्वातलं लाक्षागृह आठवा. वारणावताला निघताना त्याने युधिष्ठिराला सावध केलं, तेही दुसऱ्या कुणाला कळणार नाही अशा गूढ भाषेत. राजाला नाही सांगितलं. ज्याच्या जिवावर बेतणार होतं त्याला सांगितलं. पण तेवढ्यावर थांबला नाही. मागाहून खनक पाठवला, भुयार खणणारा माणूस! त्याने घराच्या मधोमध भुयार खणलं आणि तोंड फळ्यांनी बेमालूम झाकलं. गंगेवर नाव घेऊन विश्वासू माणूस उभा केला. म्हणून पांडव वाचले. प्रजागरच्या रात्री विदुराचं ज्ञान काही कमी नव्हतं, उलट आठ अध्याय तो बोलला. पण त्या रात्री त्याच्याकडे खनक नव्हता. सीवॉर्नलाही पुढे हे उमगलं असावं. गावपातळीवर झटपट हालचाल करता यावी म्हणून त्यांनी वेगळा निधी काढला. मला त्या निधीत तो भुयार खणणारा दिसतो.

ही गोष्ट मी शेजाऱ्यांना सांगितली होती. त्यांना ती खूप आवडली. मग मी पुढचं सांगितलं, की त्या रात्री एक निषाद स्त्री तिच्या पाच मुलांसह तिथे जेवायला आली होती, तिथेच झोपली, आणि आगीत ती सहाही जणं गेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी कुणी भुयारही खणलं नव्हतं. सकाळी सहा प्रेतं मिळाली, म्हणून हस्तिनापुरात कुंती आणि पाच पांडव गेले असं ठरलं.

त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, ग्रंथात नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिला मोजलं, पण दुसऱ्याच्या नावावर. आमच्या आकड्यांतही अशी असतात."

उद्या सनत्सुजातपर्व सुरू करू. ज्यांच्याकडे पोथी आहे त्यांनी अध्याय ४१ आधी वाचून ठेवावा, तो अगदी छोटा आहे.

राम कृष्ण हरी.