विस्मरण आणि कर्मफळ

उतारवयात पुरुषाची स्मृती ढासळली, तर ते त्याच्याच वागण्याचे फळ मानायचे का, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे 14 टाळता येण्याजोगे धोके दिले आहेत. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अति मद्यपान, बैठी राहणी, एकाकीपणा आणि श्रवणदोष हे येतात. हे सगळे दूर झाले, तर सुमारे 45 टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा आयोगाचा अंदाज आहे. ही यादी ऐकली की नागपूरकराला पानठेल्यावरचा खर्रा आणि संध्याकाळची दारू आठवते. ‘करावे तसे भरावे’ हा निवाडा मग दूर नसतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्याच दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही मद्य वर्ज्य करते, कारण मद्याने माणूस बेसावध होतो. म्हणजे चित्ताची सावधता ही इथे धर्माचीच बाब आहे. पण म्हणून आजारी माणूस दोषी ठरत नाही. मागील जन्माच्या कर्मावर या जन्मीचे दुःख टाकणे बाबासाहेबांना मान्य नव्हते. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणूस जे भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध ते नाकारतात आणि पित्त, कफ, वात, तिघांचा संयोग, ऋतुबदल, शरीराची विषम निगा, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतात. राहणीतली हयगय आणि कर्मविपाक ही तिथे दोन वेगळी कारणे आहेत, हे विशेष.

आयोगाच्या यादीत अपुरे शिक्षण आणि हवेचे प्रदूषणही आहे. नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी 1877 ते 2002 चालली. शाळा अर्धवट सोडून मागाच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या वाट्याला अपुरे शिक्षण आणि कानांना इजा हे दोन धोके एकदमच आले; त्यांत निवड कुठली? शिवाय धोक्याचे आकडे समूहाचे असतात. अमुक एका गृहस्थाला विसर का पडतो, हे त्यांवरून ठरत नाही. व्यसन सोडायला सांगणे रास्तच, पण तो सल्ला चाळिशीत द्यावा. सत्तरीत स्मृती गेल्यावर तो नुसता ठपका होतो.

भक्तिमार्गात हाच पेच आणखी तीव्र होतो. अंतकाळी ज्याचे स्मरण, तीच गती, असे गीतेचा आठवा अध्याय सांगतो. मग ज्याला देवाचे नावही आठवत नाही, त्याचे काय? श्रीवैष्णव परंपरा विष्णूच्या वराह अवताराच्या तोंडी असलेल्या चरमश्लोकाने, म्हणजे अंतिम आश्वासनाच्या श्लोकाने, उत्तर देते: मन आणि शरीर धड असताना ज्याने देवाला स्मरले, तो मरणकाळी लाकडा-दगडासारखा जड झाला, तरी त्याचे स्मरण देव स्वतः करतो. आठवण्याची जबाबदारी इथे रुग्णावरून उतरते.