चौथे वैराग्य

पंचेचाळिशी जवळ आली असताना मला गालगुंड झाले. सांगताना आजही थोडे ओशाळल्यासारखे होते. या वयात माणसाला रक्तदाब व्हावा, मधुमेह व्हावा. त्यात एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. समाचाराला येणारी मंडळी खुर्ची ओढून गंभीरपणे बसतात. माझ्याकडे जे आले ते आधी माझ्या गालांकडे पाहत, आणि मग हसू दाबण्यासाठी खिडकीतून काळारामाच्या कळसाकडे पाहू लागत.

रोग तसा साधा. एका विषाणूमुळे कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात, ताप येतो, गिळताना डोळ्यांत पाणी उभे राहते आणि आठ-दहा दिवसांत सारे आपोआप ओसरते. त्यावर खास असे औषध नाही. मोठ्या वयात जरा जपावे लागते, इतकेच. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपोक्रातिस याने थासोस बेटावरच्या अशाच साथीचे वर्णन करून ठेवले आहे. तालमीत जाणाऱ्या तरुणांना ती विशेष झाली होती म्हणे. मी तेवढ्यावरच समाधान मानले.

मोठ्या दुखण्याची गोष्ट वेगळी. आमच्या नाशिकचे कवी गोविंद पायांनी पंगू होते. १९२६ साली ते गेले. पण जाण्यापूर्वी मरणालाच सौंदर्याचे दार मानणारी कविता मराठीला देऊन गेले. मोठे दुखणे माणसाला कधी कधी असे उंच नेऊन ठेवते. गालगुंड कोणाला उंच नेत नाही. ते माणसाला कॉटवर बसवते, मफलर गुंडाळते आणि हातात पेजेची वाटी देते.

आणि गप्प करते! वीस वर्षे मी बोलण्यावर पोट भरतो आहे. शाळेत बोलतो, घरी बोलतो, आणि उरलेले कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडी घालतो. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपलं घड्याळ एवढ्या मोठ्यानं वाजतं, हे मला आजच कळलं." मलाही पुष्कळ काही ऐकू येऊ लागले. पहाटेची काकड आरती, सीतागुंफेची वाट विचारणारे परगावचे यात्रेकरू, त्यांना तीच वाट दिवसातून पन्नास वेळा न कंटाळता सांगणारी कोपऱ्यावरची फुलवाली. मी शाळेला निघालो की गल्लीचा दिवस सुरू होतो, अशी माझी इतके दिवस समजूत होती. गल्लीला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या वर्गावर दुसरे मास्तर जात होते आणि मुले व्याकरण शिकत होती. कादंबरीचा नायक तेराव्या प्रकरणात मनमाड स्टेशनावर उभा होता. त्याचीही काही तक्रार दिसली नाही.

आपल्यावाचून जगाचे अडत नाही हे कळल्यावर प्रथम वाईट वाटते. मग हळूहळू खांद्यावरून काही तरी उतरल्यासारखे वाटते. पण हे ज्ञान खरे की तापाचा अशक्तपणा? आपल्या जुन्या लोकांनी वैराग्याचे तीन प्रकार मोठ्या मिस्किलपणे सांगितले आहेत : पुराणवैराग्य, प्रसूतिवैराग्य आणि स्मशानवैराग्य. पुराण संपले, वेणा थांबल्या, स्मशानातून घरी येऊन आंघोळ झाली, की तिन्ही संपतात. त्यांत मी चौथे गालगुंडवैराग्य घालावे, असे मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात पाचव्या दिवशी दारात एक मुलगा आला.

माझ्याच वर्गातला, दुसऱ्या बाकावरचा. याच्याशी माझा एक हिशेब होता. अठरा-वीस दिवसांपूर्वी तो गाल फुगवून वर्गात बसला होता. मी विचारले, "काय रे, तोंडात काय कोंबलं आहेस? सुपारी?" तो बोलेना. मी म्हणालो, "आधी थुंकून ये, आणि तास संपेपर्यंत दारात उभा राहा." वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या दिवसापासून तो आठवडाभर आला नाही. गालगुंड झाल्याची चिठ्ठी आली, ती मी हजेरीपटात ठेवली आणि विसरलो.

आता बरा होऊन तो माझ्यासमोर उभा होता. म्हणाला, "सर, आईनं सांगितलंय, आंबट खाऊ नका. फार कळ येते." मग माझ्याकडे जरा निरखून पाहत हळूच म्हणाला, "बोलताना दुखतं ना सर? मला पण दुखत होतं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. तो का बोलला नव्हता, हे मला त्या क्षणी कळले; आणि तेव्हा मलाही बोलता येत नव्हते. मी नुसती मान हलवली.

बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी त्याची क्षमा मागायची, असे मी ठरवले. पहिल्या दिवशी तपासायच्या वह्या साचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक वर्गात आले. तिसऱ्या दिवशी वाटले, मुलगा विसरलाही असेल, उगाच कशाला? चौथे वैराग्यही आपल्या तिन्ही भावंडांच्या वाटेने निघाले होते.

त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले होते. नाशिकला पूर आला की आम्ही आकडे विचारत नाही; "मारुतीच्या कुठवर?" असे विचारतो. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचे माप. कमरेला, छातीला, गळ्याला! १९६९, २००८, २०१९ हे मोठे पूर म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे याच मापाने सांगतात. चौथ्या दिवशी सकाळी घाटावरून जात होतो. पाणी उतरले होते आणि मारुतीच्या अंगावर गाळाची ओली रेघ राहिली होती. दोन उन्हे पडली की तीही जाणार. मनात आले, पूर टिकत नाही म्हणून तो खोटा थोडाच ठरतो? पाणी तिथवर चढले होते, हे खरेच असते. रेघ वाळण्यापूर्वी कोणी तरी लिहून ठेवली पाहिजे, एवढेच.

त्या दिवशी हजेरी घेण्यापूर्वी मी त्या मुलाला उभे केले आणि सर्वांसमोर म्हणालो, "त्या दिवशी तू आजारी होतास आणि मी तुला हसलो. माझी चूक झाली." अपमान वर्गासमोर झाला होता, तेव्हा क्षमाही वर्गासमोरच मागायला हवी होती. तो गोंधळून म्हणाला, "बसू का सर?" वर्ग या वेळी हसला नाही.

दुखण्याने माणूस शहाणा होतो, असे मी म्हणणार नाही. दुखणे फक्त पाणी कुठवर चढले ते दाखवते. पुढचे काम बरे झाल्यावरचे, आणि ते लवकर करावे लागते. आता मी पूर्वीइतकाच बोलतो, घड्याळ पुन्हा ऐकू येत नाही. पण कोणी मूल गप्प बसले, की चिडण्यापूर्वी जवळ जाऊन विचारतो, "दुखतंय का रे?"

बहुतेक वेळा तोंडात सुपारीच असते. असू दे!